लुई पाश्चर आणि पिंपातला क्षार

पाश्चर हे नाव काढले की आपल्यापुढे दोन गोष्टी उभ्या राहतात : दुधाची पिशवी आणि पिसाळलेला कुत्रा. शाळेच्या पुस्तकातून आपली त्याच्याशी ओळख झाली ती एवढीच. मी कॉमर्सचा विद्यार्थी. दहावीनंतर रसायनशास्त्राशी माझा संबंध संपला आणि मलाही यापलीकडे काही ठाऊक नव्हते. मागच्या वर्षी सायन्सच्या एका मित्राची वाट पाहत मी त्याच्या प्रयोगशाळेच्या दारात उभा होतो. तो दोन बाटल्यांतली द्रावणे एकत्र करत होता. एक निळे, दुसरे पाण्यासारखे. ही फेलिंगची द्रावणे, साखर ओळखण्याची, असे त्याने सांगितले. पाण्यासारख्या दिसणाऱ्या बाटलीत एक टार्ट्रेट क्षार असतो, आणि पाश्चरने आपल्या आयुष्याची सुरुवात याच जातीच्या क्षारापासून केली, असेही तो सहज बोलून गेला. मला आश्चर्य वाटले. जंतूंचा शोध घेणाऱ्या माणसाचा क्षाराशी काय संबंध? तो संबंध शोधता शोधता हा लेख झाला. सायन्सच्या प्राध्यापकांनी एका कॉमर्सवाल्याचे धाडस गोड मानून घ्यावे.

आधी त्या क्षाराविषयी. द्राक्षाच्या रसात टार्टारिक आम्ल असते, आणि त्याचा पोटॅशियमशी झालेला क्षारही असतो. रस आंबून त्याची दारू होऊ लागली की हा क्षार तीत विरघळून राहत नाही, कारण मद्यार्क जसजसा वाढतो तसतशी त्याची विद्राव्यता कमी होते. मग तो लाकडी पिंपांच्या आतल्या अंगाला कठीण पापुद्र्यासारखा धरतो. हा पापुद्रा खरवडून काढतात, गरम पाण्यात विरघळवतात, गाळतात आणि थंड करतात. गरम पाण्यात तो बराच विरघळतो, गार पाण्यात फारच थोडा. त्यामुळे थंड होताना शुद्ध पांढरे स्फटिक खाली बसतात. हेच बेकरीवाल्यांचे क्रीम ऑफ टार्टर. खाण्याच्या सोड्याबरोबर ते मिसळून ठेवले आणि पाणी लागले की वायू सुटतो व केक फुगतो. साखरेच्या पाकात चिमूटभर टाकले तर पाकाची पुन्हा साखर होत नाही. लोकर रंगवण्याच्या कामीही ते फार पूर्वीपासून वापरात आहे. आमच्या कॉस्टिंगच्या पुस्तकात उपउत्पादनाची जी व्याख्या आहे तिला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. दारू करायची म्हणून द्राक्षे आणली, आणि पिंपाच्या भिंतीवर दुसराच माल तयार झाला.

याच आम्लाचा सोडियम आणि पोटॅशियम या दोहोंशी मिळून झालेला क्षार म्हणजे रोशेल सॉल्ट. फ्रान्समधल्या ला रोशेल गावच्या सेन्येत नावाच्या औषधविक्याने तो सतराव्या शतकात सौम्य रेचक म्हणून विकायला काढला. आरशाला चांदीचा मुलामा देताना तो लागत असे. १८८० मध्ये क्यूरी बंधूंनी दाखवले की काही स्फटिक दाबले की त्यांत वीज उत्पन्न होते. त्यांत रोशेल सॉल्टही होते, आणि पुढे ग्रामोफोनच्या पिकअपमध्ये व मायक्रोफोनमध्ये हेच स्फटिक बसवले गेले. मात्र हा क्षार हवेला जपावा लागतो. कोरड्या हवेत उघडा राहिला तर त्यातले पाणी निघून जाऊन स्फटिकावर पीठ धरते, आणि पंचाहत्तर अंशांच्या आसपास तो आपल्याच पाण्यात वितळतो. फेलिंगच्या दुसऱ्या बाटलीत त्याच्याबरोबर कॉस्टिक सोडा असतो. म्हणून तिला काचेचे बूच लावत नाहीत, रबराचे लावतात. काचेचे बूच घट्ट धरून बसते. दोन्ही द्रावणे आधी मिसळून ठेवायची नाहीत, ऐन वेळी मिसळायची.

मित्राने आणखी एक गोष्ट सांगितली, ती लक्षात ठेवावी, पुढे उपयोगी पडणार आहे. क्रीम ऑफ टार्टरचे संतृप्त द्रावण पीएच मोजण्याचे यंत्र जुळवण्यासाठी वापरतात. पंचवीस अंशांवर त्याचा पीएच ३.५६ येतो. पण हे द्रावण जुने करून चालत नाही, कारण त्याला बुरशी धरते. म्हणून त्यात थायमॉलचा खडा टाकून ठेवतात.

आपल्याकडे द्राक्षाच्या दारूची पिंपे नसली तरी टार्टारिक आम्ल आपल्याला परके नाही. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः त्याचाच. मराठीत चिंच म्हणा की कन्नडमध्ये हुणसे म्हणा, सणाच्या आदल्या दिवशी तांब्यापितळेची भांडी तिनेच लखलखीत होतात.

आता मूळ माणसाकडे वळू. लुई पाश्चर २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्सच्या पूर्व भागात, दोल या गावी जन्मला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करत. नेपोलियनच्या सैन्यात ते सार्जंट होते आणि त्यांना पदकही मिळाले होते. पुढे हे कुटुंब आर्ब्वा या गावी स्थायिक झाले. आर्ब्वाच्या सभोवती द्राक्षांचे मळे, त्यामुळे दारूची पिंपे मुलाने लहानपणापासून पाहिलेली. शाळेत लुई फार चमकला असे नाही. त्याला चित्रे काढण्याचा नाद होता. रंगीत खडूंनी काढलेली त्याची आईवडिलांची चित्रे आजही पाहायला मिळतात, आणि त्यांत चेहऱ्यांचे बारकावे इतके नेमके आहेत की हा मुलगा चित्रकार झाला असता तरी पोट भरू शकला असता. सोळाव्या वर्षी शिक्षणासाठी पॅरिसला पाठवले तर घरची आठवण येऊन महिन्याभरातच परत आला. सायन्सच्या पदवीपरीक्षेत, १८४२ साली, रसायनशास्त्रात त्याला केवळ मध्यम असा शेरा मिळाला. त्याच वर्षी पॅरिसच्या एकोल नॉर्मालची प्रवेशपरीक्षा तो उत्तीर्ण झाला, पण क्रमांक खाली आला म्हणून प्रवेश घेतला नाही. वर्षभर अभ्यास करून पुन्हा बसला आणि वरच्या क्रमांकाने आत गेला. मिळालेली जागा सोडून पुन्हा परीक्षेला बसण्याचे धैर्य आपल्यापैकी किती जणांना होईल, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला आणि उत्तर टाळले.

तेथे ब्रोमीनचा शोध लावणारे बालार यांनी त्याला आपल्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून ठेवून घेतले. १८४७ मध्ये डॉक्टरेट झाली. आणि मग समोर आले एक कोडे, ज्याने त्या काळच्या मोठमोठ्या रसायनज्ञांना हैराण केले होते.

कोडे असे. अल्सास प्रांतातल्या तान गावी केस्टनर नावाचा कारखानदार टार्टारिक आम्ल तयार करत असे. १८२० च्या सुमारास त्याच्या कारखान्यात एक वेगळेच आम्ल निघाले. त्याची रासायनिक घटना हुबेहूब टार्टारिक आम्लाची, पण गुण थोडे निराळे. त्याला पॅराटार्टारिक किंवा रॅसेमिक आम्ल असे नाव पडले. खरा फरक प्रकाशात दिसला. साधा प्रकाश सर्व दिशांनी कंप पावतो. काही विशिष्ट स्फटिकांतून तो गाळून घेतला की त्याचे कंपन एकाच प्रतलात राहते. याला ध्रुवित प्रकाश म्हणतात. असा प्रकाश साखरेच्या पाण्यातून गेला की ते प्रतल थोडे फिरते. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेत रसाचा 'पोल' काढतात तो याच तत्त्वावर. झां बाप्तिस्त बिओ या फ्रेंच पदार्थवैज्ञानिकाने दाखवले होते की टार्टारिक आम्लाचे द्रावण प्रकाशाला उजवीकडे फिरवते. रॅसेमिक आम्ल मात्र मुळीच फिरवत नाही. १८४४ मध्ये जर्मन रसायनज्ञ मिट्शरलिख यांनी कोडे आणखी घट्ट केले. दोन्ही आम्लांचे सोडियम-अमोनियम क्षार त्यांनी तपासले. स्फटिकांचा आकार तोच, कोन तेच, घनता तीच. तरी एक क्षार प्रकाश फिरवतो, दुसरा फिरवत नाही.

पाश्चरला हे पटेना. वस्तू सर्व बाबतीत एक असतील तर त्यांचे वागणे वेगळे कसे? त्याने निरनिराळे टार्ट्रेट क्षार करून त्यांचे स्फटिक पाहायला सुरुवात केली. त्या सर्वांवर त्याला एक बारीकसा तिरपा पैलू दिसला, आणि तो नेहमी एकाच बाजूला झुकलेला. मिट्शरलिखसारख्या मुरलेल्या माणसाच्या नजरेतून हा पैलू सुटला होता. चित्रकाराच्या डोळ्याचा येथे उपयोग झाला असे मी म्हणेन. आता पाश्चरचा अंदाज असा की प्रकाश न फिरवणाऱ्या रॅसेमिक क्षाराच्या स्फटिकांवर हा पैलू नसणार. त्याने १८४८ च्या वसंतात द्रावण करून ठेवले, स्फटिक आले, पाहिले, तर पैलू आहेच! क्षणभर तो निराश झाला. पण पुन्हा नीट पाहिले तेव्हा दिसले की काही स्फटिकांवर तो उजवीकडे आहे आणि काहींवर डावीकडे. उजवा हात आणि डावा हात असावेत तसे, आरशातली एकमेकांची प्रतिबिंबे. एकावर एक ठेवू पाहिले तर जुळणार नाहीत.

मग त्याने चिमट्याने एकेक स्फटिक उचलून दोन ढीग केले. उजव्यांचे द्रावण केले, त्याने प्रकाश उजवीकडे फिरवला, अगदी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाच्या क्षाराप्रमाणे. डाव्यांच्या द्रावणाने तो तितकाच डावीकडे फिरवला. असे डावे टार्ट्रेट तोवर कोणी पाहिलेले नव्हते. दोन्ही सारख्या वजनाने एकत्र केली, फिरणे शून्य.

माझ्यासारख्याला हे कळले ते खातेवहीच्या भाषेत. एखाद्या खात्यात नावे आणि जमा सारखे असले तर शिल्लक शून्य येते. पण शिल्लक शून्य म्हणजे खात्यात व्यवहारच झाला नाही, असे कोणी हिशेबनीस म्हणणार नाही. मिट्शरलिखने शिल्लक पाहिली, पाश्चरने वही उघडली. असे सांगतात की हा निकाल पाहताच तो प्रयोगशाळेबाहेर धावला, समोर भेटलेल्या सहकाऱ्याला मिठी मारली आणि त्याला ओढत लक्झेंबर्ग बागेत नेऊन सारे समजावून सांगितले. वय होते पंचवीस.

यात नशिबाचाही भाग होता, तो लपवण्याचे कारण नाही. या विशिष्ट क्षाराचे उजवे-डावे स्फटिक वेगवेगळे येतात ते सुमारे सत्तावीस अंश सेल्सिअसच्या खालीच. त्याहून उष्ण हवेत दोन्ही मिळून एकच जातीचा स्फटिक तयार होतो, आणि त्यात निवडण्यासारखे काही उरत नाही. पॅरिसची हवा थंड होती. हाच प्रयोग आपल्याकडे एप्रिलमधल्या दुपारी मांडला असता तर पाश्चरचे हात रिकामेच राहिले असते. शिवाय हाताने वेगळे करता येतील असे स्फटिक देणारे पदार्थ मुळात थोडेच.

बिओ तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि सहजासहजी कोणावर विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांनी पाश्चरला आपल्या प्रयोगशाळेत बोलावले. रॅसेमिक आम्ल स्वतःजवळचे दिले, सोडा आणि अमोनियाही स्वतःचाच. पाश्चरने त्यांच्यासमोर द्रावण केले. ते तसेच सावकाश आटू दिले. काही दिवसांनी स्फटिक तयार झाले तेव्हा पाश्चरला पुन्हा बोलावून, कोणते स्फटिक कोणीकडे प्रकाश फिरवतील ते सांगून वेगळे करायला लावले. पुढची द्रावणे बिओंनी स्वतः केली. आधी डाव्यांचे द्रावण उपकरणात ठेवले, कारण नवे होते ते तेच. नळीतून पाहताच मोजमाप घेण्याआधीच त्यांना कळून चुकले. म्हाताऱ्याने पाश्चरचा हात धरला. त्या दिवसापासून मरेपर्यंत बिओ त्याच्या पाठीशी उभे राहिले. असा परीक्षक मिळणे हेही भाग्यच. आधी काही न मानणारा, आणि पटल्यावर काही न राखणारा.

ते वर्ष फ्रान्समध्ये क्रांतीचे होते. पाश्चर नॅशनल गार्डमध्ये गेला आणि साठवलेले दीडशे फ्रँक त्याने प्रजासत्ताकाला देऊन टाकले. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची आई वारली.

येथे एक जमाखर्च नोंदवायला हवा. स्फटिकांच्या बाह्य आकारावरून आतल्या रेणूच्या रचनेचा विचार करायला पाश्चरला शिकवले ते बालार यांच्याच प्रयोगशाळेत काही काळ काम करणाऱ्या ओग्युस्त लोराँ या रसायनज्ञाने. लोराँची मते त्या काळच्या बड्या मंडळींना, विशेषतः द्यूमा यांना, रुचत नव्हती. पाश्चरला द्यूमांची मर्जी हवी होती. पुढे आपल्या शोधाची हकीकत सांगताना त्याने लोराँचे ऋण जवळजवळ पुसूनच टाकले. लोराँ १८५३ मध्ये क्षयाने, हलाखीत वारला. पाश्चरच्या टिपणवह्या तपासून जेराल्ड गायसन या अमेरिकन इतिहासकाराने १९९५ मध्ये जे पुस्तक लिहिले त्यात हे सविस्तर आले आहे. मी हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे चरित्र म्हणजे आरती असा समज आहे.

१८४९ मध्ये पाश्चर स्ट्रासबर्गला प्राध्यापक झाला आणि तेथल्या रेक्टरची कन्या मारी लोराँ हिच्याशी त्याचे लग्न झाले. (आडनाव उच्चाराने सारखे असले तरी वरच्या लोराँशी तिचे नाते नाही.) मारीने जन्मभर त्याची टिपणे लिहून घेतली, प्रयोगांचे बोलणे ऐकले, संसार ओढला. रॅसेमिक आम्ल मुळात तयार होते कसे, याचा शोध घेत १८५२ मध्ये पाश्चर लाइपझिग, ड्रेस्डेन, व्हिएन्ना, प्राग असा कारखान्या-कारखान्यांतून हिंडला. पुढच्या वर्षी त्याने उजवे टार्टारिक आम्ल सिंकोनीन या अल्कलॉइडबरोबर तापवून स्वतःच रॅसेमिक आम्ल करून दाखवले. पॅरिसच्या औषधशास्त्र मंडळाचे पंधराशे फ्रँकांचे बक्षीस त्याला मिळाले. त्यातले निम्मे त्याने प्रयोगशाळेच्या सामानावर खर्च केले.

आता त्या बुरशीकडे येऊ. १८५४ मध्ये पाश्चर लील येथे विज्ञान विभागाचा प्रमुख झाला. तेथे बीटपासून मद्यार्क काढणारा एक कारखानदार, आपला माल का बिघडतो म्हणून विचारायला आला. त्यातून पाश्चर आंबण्याच्या क्रियेकडे वळला. हे आंबणे म्हणजे निव्वळ रासायनिक कुजणे, असे त्या काळी लीबिगसारखे दिग्गज मानत. पाश्चर १८५७ मध्ये पॅरिसला परतला, आणि तेथे जुन्या ओळखीच्या क्षाराने त्याला पुन्हा हात दिला. अमोनियमच्या रॅसेमिक क्षाराचे द्रावण त्याने आंबू दिले. द्रावण गढूळ झाले, त्यात सूक्ष्मजीव वाढले, आणि आधी प्रकाश न फिरवणारे ते द्रावण हळूहळू डावीकडे फिरवू लागले. म्हणजे आत वाढणाऱ्या जिवांनी उजवे टार्ट्रेट खाऊन टाकले होते आणि डावे तसेच ठेवले होते. चिमट्याने जे काम त्याला तासन्‌तास करावे लागले ते एका सामान्य बुरशीने आपोआप केले, तेही पोट भरण्यासाठी. निर्जीव रासायनिक क्रिया उजवे-डावे ओळखत नाही, सजीव ओळखतो. आंबण्यामागे सजीव आहे या त्याच्या मताला यातून मोठे बळ मिळाले. क्षारापासून जंतूंपर्यंतचा रस्ता तो हा. प्रयोगशाळेत ज्या बुरशीला आपण थायमॉल टाकून हाकलतो तिची ही कामगिरी आहे.

यापुढचे आयुष्य सर्वांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. जीव हा जिवापासूनच होतो हे त्याने बाकदार मानेच्या चंबूंनी सिद्ध केले. दारू बेताची तापवून टिकवण्याची रीत १८६५ मध्ये शोधली. तीच पुढे दुधाला लागू झाली आणि तिला त्याचे नाव मिळाले. त्याच वर्षी रेशमाच्या किड्यांचे रोग तपासायला तो दक्षिण फ्रान्समध्ये गेला. त्या वर्षांत घरावर घाला पडत होता. पाच मुलांपैकी तीन मुली लहानपणीच गेल्या, त्यांतल्या दोघी विषमज्वराने. १८६८ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू कायमची अधू झाली. अँथ्रॅक्स आणि रेबीजवरची सारी कामे त्यानंतरची, हे विसरू नये. १८८१ मध्ये पुई-ल-फोर येथे मेंढ्यांवर अँथ्रॅक्सच्या लसीचा जाहीर प्रयोग झाला. लस टोचलेल्या मेंढ्या जगल्या, न टोचलेल्या मेल्या. त्या दिवशी वापरलेली लस मात्र लोकांना वाटली तशी प्राणवायूने क्षीण केलेली नव्हती. ती त्याच्या सहकाऱ्याने, शांबरलाँने, पोटॅशियम डायक्रोमेट वापरून केलेली होती. रासायनिक द्रव्याने लस करण्याची कल्पना तूसाँ या पशुवैद्यकाने आधीच मांडली होती. पाश्चरने ही गोष्ट उघड केली नाही. लोराँच्या खात्याशेजारी हेही खाते मांडायला हवे.

६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेला नऊ वर्षांचा जोसेफ माइस्टर त्याच्याकडे आणला गेला. पाश्चर डॉक्टर नव्हता, त्यामुळे इंजेक्शने दुसऱ्याने दिली. मुलगा जगला. तो अल्सासचा, रॅसेमिक आम्लही अल्सासचेच. १८८८ मध्ये पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूट उघडले. तेथे काम केलेला वाल्डेमार हाफकिन १८९३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि मुंबईच्या प्लेगात त्याने लस तयार केली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. देवीच्या लशीला असलेले 'व्हॅक्सिन' हे नाव सर्वच लशींना लावावे, अशी सूचना जेन्नरच्या सन्मानार्थ पाश्चरनेच १८८१ मध्ये केली. आपल्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरायला जाणाऱ्यांना हे सांगितले तर बहुतेक खरे वाटणार नाही.

२८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर वारला. आपल्या इन्स्टिट्यूटच्याच तळघरात त्याची समाधी आहे.

तोवर त्याच्या स्फटिकांचे कोडे अर्धे सुटले होते. १८७४ मध्ये व्हांट हॉफ आणि ल बेल यांनी स्वतंत्रपणे दाखवले की कार्बनच्या अणूभोवती चार निरनिराळे गट असले की उजवी आणि डावी अशा दोन रचना होतात. पण प्रकाश उजवीकडे फिरवणाऱ्या रेणूची रचना या दोहोंपैकी नेमकी कोणती, हे सांगायला आणखी सत्त्याहत्तर वर्षे लागली. १९५१ मध्ये हॉलंडच्या बायफूट या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह क्ष-किरणांनी ते ठरवले. आता औषधांच्या पट्टीवर 'लिव्हो' हे अक्षर दिसते ते याच उजव्या-डाव्याचे. बायफूटने त्या कामासाठी जो स्फटिक घेतला, तोही टार्ट्रेटचाच होता, सोडियम आणि रुबिडियमचा.